कुकडीच्या काठाने एक दिवस: लाव्हाचे थर आणि त्यांत कोरलेली घरं

जुन्नरची लेणी बघायला आलेल्या मंडळींना ‘हा सगळा मुलूख ज्वालामुखीचा आहे’ असं सांगितलं की एक प्रश्न हमखास येतो: ‘मग ज्वालामुखीचं तोंड कुठंय?’ प्रश्न अगदी रास्त आहे. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात ज्वालामुखी म्हणजे उंच सुळका, माथ्यावर खड्डा, त्यातून धूर आणि आगीचे लोळ. जुन्नरच्या आसपास तसं काहीच दिसत नाही. शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन यांतला एकही डोंगर ज्वालामुखी नाही. तरीही त्यांचा प्रत्येक दगड कधीकाळी वितळलेला होता.

हे कोडं सोडवायला जुन्नर तालुक्याइतकी सोयीची जागा नाही. सकाळी नाणेघाटात उभं राहायचं, तिथून कुकडी नदीच्या सोबतीने पूर्वेला जुन्नरपर्यंत यायचं, दुपार लेण्यांना द्यायची आणि उन्हं कलता बोरी गाठायची. एवढ्या एका दिवसात लाव्हा साचला कसा, पाण्याने तो कापला कसा आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी त्यात राहायची जागा कोरली कशी, हे तिन्ही डोळ्यांसमोर येतं. माझा आग्रह एवढाच आहे की डोंगर आणि लेणी वेगवेगळी बघू नका. लेणं त्याच उंचीवर का, एवढं रुंद का, पाण्याचं टाकं तिथेच का, काम अर्ध्यावर का थांबलं, या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं कातळात आहेत. कोरणाऱ्यांना तो कातळ फार चांगला वाचता येत होता.

नाणेघाट: तोंड नसलेला ज्वालामुखी

जुन्नरपासून नाणेघाट साधारण तीस किलोमीटर. घाटघर ओलांडलं की पठार एकदम संपतं आणि समोर कोकण दिसतं. पाऊस सरल्यावर हवा स्वच्छ असते, तेव्हा सकाळी लवकर इथे या. पावसाळ्यात धबधब्याचं पाणी वाऱ्याने उलटं वर उडतं, ते बघायला झुंबड उडते. पण थर बघायचे असतील तर आकाश मोकळं हवं.

आता दरीकडे पाठ न फिरवता बाजूच्या जीवधनच्या कड्याकडे बघा. उभा काळा कडा, मग गवताळ उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. हे पट्टे डोंगराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ आडवे जातात. दरीपलीकडच्या दुसऱ्या डोंगरावरही तशाच उंचीला तसाच पट्टा सापडतो. म्हणजे हे दोन डोंगर एकेकाळी एकच होते. मधला भाग गेला.

झालं ते असं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपला भूखंड आजच्या जागी नव्हता. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. हिंदी महासागरात आज जिथे रियुनियन बेट आहे, तिथे पृथ्वीच्या पोटातून अतितप्त खडक वर येत होता. तो अजूनही येतो, रियुनियनवरचा ज्वालामुखी आजही जिवंत आहे. आपला भूखंड त्या जागेवरून जात असताना त्याला लांबच लांब भेगा पडल्या. लाव्हा एका खड्ड्यातून उसळला नाही, तो या भेगांमधून बाहेर पडून पसरला. म्हणून सुळका नाही आणि तोंडही नाही. ज्या भेगांत लाव्हा अडकून थिजला, त्या आज कातळात उभ्या भिंतीसारख्या दिसतात. भूशास्त्रज्ञ त्यांना भित्ती किंवा डाइक म्हणतात. तोंडच शोधायचं असेल तर ते अशा जागी शोधावं.

हा लाव्हा पातळ होता. बेसाल्टच्या, म्हणजे इथल्या काळ्या कातळाच्या लाव्हात सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) कमी असते, त्यामुळे तो चिकटून एका जागी साचत नाही, अकराशे अंशांच्या आसपासच्या तापमानाला सहज वाहत सुटतो. जमिनीवरच्या खोलगट भागांत भरत, चढ गिळत तो पसरत गेला. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळ असाच बेसाल्ट आहे आणि तोही दख्खनच्याच लाव्हाचा भाग असल्याचं अभ्यासक मानतात. आज या खडकाने जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर जागा व्यापली आहे, मूळचा पसारा त्याहून पुष्कळ मोठा होता. सह्याद्रीच्या बाजूला थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते.

एक लोंढा आला, थंड झाला. मग काही काळ शांतता. मग त्यावर दुसरा. भाकऱ्यांची चवड रचावी तसे थर एकावर एक बसले. भाकरीला वर पापुद्रा असतो आणि आत वेगळा भाग, तसं प्रत्येक लोंढ्याचंही असतं, आणि पुढचं सगळं समजायला हीच गोष्ट ध्यानात ठेवायची आहे. लोंढ्याचा वरचा भाग लवकर थिजतो. आतला वायू वर येऊ बघतो आणि तिथेच अडकतो, म्हणून तो भाग पोकळ्यांनी भरलेला, सच्छिद्र असतो. मधला गाभा सावकाश थंड होतो, तो घट्ट, काळा आणि एकसंध होतो. विहीर खणताना गावाकडे ‘काळा पाषाण लागला’ म्हणतात तो हाच. दोन लोंढ्यांच्या मध्ये बऱ्याचदा तांबड्या मातीचा पट्टा असतो. खालच्या लोंढ्याचा माथा ऊन-पावसाने झिजला, त्यावर धूळ आणि राख बसली, आणि मग वरून नवा तप्त लाव्हा आला तेव्हा ती माती भाजून निघाली. भूशास्त्रात या थराला ‘बोल’ म्हणतात. कड्यात विटकरी रंगाची रेघ दिसली की समजावं, इथे दोन उद्रेकांमधला खंड पडला होता.

या तांबड्या थरांचं मोल अलीकडे फार वाढलं आहे. त्यांत झिरकॉन या खनिजाचे अतिशय बारीक स्फटिक सापडतात आणि त्यांतल्या युरेनियम व शिशाच्या प्रमाणावरून वय काढता येतं. २०१९ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दख्खनच्या लाव्हाचं वय नव्याने मोजलं, एकाने झिरकॉनवरून, दुसऱ्याने बेसाल्टमधल्याच खनिजांतल्या आर्गॉनवरून. मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत उरकला, यावर दोघांचं एकमत आहे. याच काळात मेक्सिकोत चिक्शुलुबला अशनी आदळला आणि डायनोसॉर संपले. विनाशात आपल्या लाव्हाचा वाटा किती, यावर मात्र वाद चालू आहे. बराचसा लाव्हा अशनी आदळल्यानंतर बाहेर पडला असं एक गट म्हणतो. दुसऱ्या गटाच्या मते उद्रेकाचे चार मोठे झटके होते आणि त्यांतला एक विनाशाच्या अगदी आधीचा होता. नाणेघाटातून दिसणारी एखादी तांबडी रेघ अशा मोठ्या वादातला साक्षीपुरावा असते, हे कळल्यावर तिच्याकडे बघायची नजर बदलते.

उद्रेक थांबल्यावर काम सुरू झालं ते पाण्याचं. पश्चिमेकडे भूखंड फाटला, समुद्र आत आला आणि किनाऱ्याकडून पूर्वेकडे कडा झिजत झिजत मागे सरकला. घट्ट गाभा सहजी झिजत नाही, तो उभ्या भेगांवर तुटतो, त्याचा कडा होतो. सच्छिद्र थर आणि तांबडी माती लवकर झिजतात, त्यांचा उतार होतो. डोंगरांना पायऱ्या पडल्या त्या अशा. हे डोंगर जमिनीतून वर आलेले नाहीत. त्यांच्या भोवतालचं सगळं वाहून गेलं आणि ते मागे राहिले. गड बांधणाऱ्यांनी याच कड्यांचा फायदा घेतला. शिवनेरीला चहूबाजूंनी तुटलेला कातळ आहे, तटबंदी फक्त जिथे निसर्गाने जागा सोडली तिथे लागली.

घाटाच्या तोंडाशी कातळात कोरलेली एक मोठी खोली आहे. तीन बाजूंना बसायला ओटा, भिंतींवर ब्राह्मी अक्षरं. ही राहायची जागा नव्हे, वाटसरूंच्या विसाव्याची. सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख इथेच आहे, साधारण इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण नावाची नाणी यांची त्यात जंत्री आहे आणि आकडे चिन्हांत कोरलेले आहेत. भारतातल्या अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत हे आकडे मोडतात. त्यांत शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणा आणि वरची नावं तेवढी उरली आहेत: सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, काही कुमार, एक महारठी म्हणजे सरदार. लेखाचा बराच भाग झडला आहे. तो कोणी फोडला असं नाही. दमट वारा आणि पावसाचं पाणी दोन हजार वर्षं त्याच भिंतीवर आपटत आलं आहे. लोकांनी हात लावून, नावं कोरून त्यात भर घातली, तेवढी तरी आपल्याला थांबवता येईल.

घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून ओळखला जाणारा. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल या वाटेने जुन्नरला आणि तिथून पैठणकडे जायचा. हा व्यापार ध्यानात ठेवा, दुपारी लेण्यांत त्याचीच नावं वाचायला मिळतील.

लेण्याद्री: गाभ्यात कोरलेली सभागृहं

नाणेघाटाहून परतताना पूर गावात कुकडेश्वराचं जुनं मंदिर लागतं. कुकडीचा उगम या परिसरातला. वेळ असेल तर थांबा, नाहीतर थेट लेण्याद्रीला या. उन्हं चढायच्या आत पायऱ्या संपलेल्या बऱ्या. त्या तीनशेच्या आसपास आहेत.

जुन्नरच्या भोवती दोनशेहून जास्त लेणी आहेत: तुळजा, लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी अशा डोंगरांवर विखुरलेली. एका शहराच्या आसपास इतकी कोरीव लेणी भारतात दुसरीकडे नाहीत. वेरूळ-अजिंठ्याच्या तुलनेत इथे शिल्पं फार थोडी, म्हणून पर्यटक भराभर बघून निघून जातात. मला मात्र जुन्नरची लेणी जास्त बोलकी वाटतात. इथे नक्षी कमी असल्यामुळे भिंत, छत, ओटा, कोनाडा, म्हणजे राहण्याची जागा म्हणून केलेला विचार उघडा दिसतो.

पायऱ्या चढताना मान वर करून बघा. लेणी डोंगरभर विखुरलेली नाहीत, ती एका ओळीत, जवळपास एका उंचीवर आहेत. डोंगराच्या खालच्या उतारात कोरायला गेलं तर माती आणि मुरूम, तिथे छत टिकत नाही. घट्ट कड्याच्या पोटात गेलं तर वर पुरेसा जाड कातळ मिळतो. हे अचूक हेरूनच जागा धरली जायची.

सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपती आहे, अष्टविनायकांतला एक. दर्शनाच्या रांगेत लोक पुढे सरकतात आणि आपण कशाखाली उभे आहोत हे बघायचं राहून जातं. हे मूळचं बौद्ध विहार. सुमारे ५७ फूट लांब, ५१ फूट रुंद, ११ फूट उंच दालन, आणि मध्ये एकही खांब नाही. बाजूंना भिक्षूंच्या वीस खोल्या. मागच्या भिंतीतल्या मधल्या खोल्यांच्या जागी पुढे गणपतीचं स्थान झालं. एवढं मोठं सपाट छत, वर सगळा डोंगर, आणि आधार काही नाही. आजच्या बांधकामात अशा दालनाला सळ्या घातलेल्या तुळया लागतील. इथे काम भागलं ते लोंढ्याच्या एकसंध गाभ्यामुळे. उभ्या-आडव्या भेगा कमी असलेला भाग निवडला नसता तर हे छत कोरतानाच खाली आलं असतं.

आता एखाद्या रिकाम्या लेण्यात शिरा आणि भिंतीजवळ जा. मोबाइलचा दिवा भिंतीला समांतर धरा, म्हणजे प्रकाश तिरका पडेल. छिन्नीच्या रेघा उठून दिसतील, एका दिशेने तिरप्या, एकीला एक लागून. जिथे रेघा बारीक होत जातात तिथे दुसऱ्या, निमुळत्या हत्याराने साफसफाई केलेली असते. कुठे कुठे दगडात पांढुरके, हिरवट ठिपके दिसतील. लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले होते, त्या पोकळ्यांत नंतर पाण्यातून खनिजं साचली: झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी. पुणे जिल्ह्यातले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हन्साइट तर त्यासाठी विशेष नावाजलेलं आहे. ठिपक्यांच्या जागी छिन्नी घसरते, दगड अनपेक्षित तुटतो. अशी जागा मध्येच आली की पाथरवटाला हात आखडता घ्यावा लागला असणार.

भिक्षूंच्या खोल्या जेमतेम सात-आठ फुटांच्या. आत दगडातच कोरलेला ओटा, तोच बिछाना. दाराच्या वर-खाली गोल खाचा आहेत, लाकडी दाराच्या खुट्या त्यांत फिरायच्या. पावसाळ्याचे महिने भिक्षूंनी भटकायचं नाही, एका जागी राहायचं, असा नियम होता. त्या वर्षावासासाठी ही घरं. भर उन्हाळ्यात आत गेलात तर जाड कातळ किती गारवा धरतो हे अंगालाच कळतं.

कोरण्याची रीत आपल्या बांधकामाच्या उलट. छत आधी, जमीन शेवटी. वरून सुरुवात केली की पायाखाली कातळ उरतोच, त्यावरच उभं राहून पुढचं काम करायचं, परांची बांधायची गरज नाही. समोरून आत आणि वरून खाली असं काम सरकायचं. निघालेला दगड पुढच्या उतारावर ढकलला जायचा. यात एक मोठी अडचण होती: चूक झाली तर दगड परत जोडता येत नाही. खांब एकदा तुटला की तुटला. म्हणून आधी पूर्ण आराखडा डोक्यात पक्का हवा.

तुर्कस्तानातल्या कापाडोकियाच्या गुहाघरांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. तिथला दगडही ज्वालामुखीचाच, पण तो राखेचा बनलेला टफ. तो इतका मऊ की घरातली खोली वाढवायची तर घरच्यांनीच खणावी. डेरिनकुयूसारखी जमिनीखालची गावं त्यातूनच उभी राहिली. आपल्याकडे घट्ट बेसाल्ट. इथे हातभर खोली वाढवायला पोलादी हत्यारं, कसबी पाथरवट आणि भरपूर पैसा लागायचा. त्यामुळे लेणं हे कुणा एका कुटुंबाचं काम राहत नाही, ते दानाचं काम होतं. दात्यांनी आपली नावं दगडात का लिहून ठेवली, हेही त्यातून समजतं.

ती नावं फार सुंदर आहेत. लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात (स्तूप असलेल्या पूजेच्या दालनात), लेख आहे: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिलं. सकाळी नाणेघाटातून जे कोकण दिसलं, तिथल्या बंदराच्या गावचा हा माणूस. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची एक पोढी दिली. बांबूचं काम करणारे, काशाची भांडी घडवणारे यांच्या श्रेणींकडे गुंतवणूक ठेवून तिच्या उत्पन्नातून दानधर्म चालायचा. स्वतःला यवन, म्हणजे त्या काळच्या अर्थाने ग्रीक किंवा परदेशी, म्हणवणारे इरिल, चिट, चंद असे दातेही जुन्नरच्या लेखांत येतात. एकाने दोन पोढ्या दिल्या, एकाने भोजनमंडप, एकाने दर्शनी भाग. राजे-महाराजांचीच नावं इतिहासात उरतात असं कुणी म्हणालं, तर त्याला या भिंतींसमोर आणून उभं करावं.

पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. जवळपास प्रत्येक लेण्याच्या पुढ्यात किंवा बाजूला एक असतं. तोंड लहान आणि आत पसरत गेलेली, म्हणजे पाणी उन्हाने आटायला नको. पावसाचं पाणी कड्यावरून ओघळतं, ते चर काढून पोढीत आणलेलं असतं. काही पोढ्यांना जिवंत झऱ्याचं पाणी मिळतं. त्याचं कारण पुन्हा थरांतच आहे. पावसाचं पाणी वरच्या कातळाच्या भेगांतून आणि सच्छिद्र भागातून खाली मुरतं. तांबड्या मातीच्या किंवा घट्ट पाषाणाच्या थराशी आलं की अडतं आणि आडवं वाहत कड्याच्या तोंडाशी बाहेर पडतं. शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांसारखी डोंगरावरची पाणवठ्याची जागा शोधताना हा अनुभव कामी आला असणार. आजही दख्खनच्या गावांत एका शेतात विहिरीला भरपूर पाणी आणि शेजारच्या शेतात ठणठणाट असं होतं, त्यामागे हेच आहे. घट्ट गाभा पाणी धरत नाही, झिजलेला आणि सच्छिद्र थर धरतो. बोअर मारण्याआधी जवळच्या ओढ्याच्या काठावर किंवा जुन्या विहिरीच्या भिंतीत थर कुठे बदलतो ते बघितलं, तर हजारो रुपये वाचू शकतात.

पाण्याने केलेलं नुकसानही इथेच दिसतं. जिथे थरांचा सांधा लेण्याच्या छताजवळ आला, तिथे ओल झिरपते, शेवाळ धरतं, खपल्या पडतात, खांबांचे पाय झिजून जातात.

तुळजा आणि मानमोडी

जेवण जुन्नरला उरका. मग तुळजा लेणी, शहराच्या पश्चिमेला पाडळीजवळ. इथलं चैत्यगृह गोल आहे. मध्ये स्तूप, त्याभोवती वर्तुळात बारा अष्टकोनी खांब, वर घुमटाकार छत. गोल चैत्यगृह हा प्रकार मुळात फार दुर्मीळ, आणि हे लेणं जुन्नरच्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी. खांबांवर नक्षी नाही, कळस नाही, काही नाही. घट्ट कातळात गोलाई साधणं सरळ भिंतीपेक्षा किती अवघड, ते स्तूपाला प्रदक्षिणा घालताना समजतं. प्रत्येक खांबापासून मध्यापर्यंतचं अंतर सारखं ठेवायचं आणि तेही वरून खाली कोरत येताना.

मानमोडीला चढायचा कंटाळा करू नका, पण वाट विचारून, शक्यतो गावातला वाटाड्या घेऊन जा. अंबा-अंबिका गटातलं चैत्यगृह अपुरं आहे. शिकायला अपुरं लेणं सर्वांत चांगलं, कारण कामाचे टप्पे तिथे थिजून राहिलेले असतात. वरचा भाग आकाराला आलेला, खालचा अजून ओबडधोबड. कामं अर्ध्यावर थांबण्याची कारणं वेगवेगळी. कोरताना मऊ थर किंवा चीर लागली की पुढे जाण्यात अर्थ नसायचा. दात्याचा पैसा संपला, राज्य बदललं, तरी काम थांबायचं. याच डोंगरावर क्षहरात घराण्यातला शक राजा महाक्षत्रप नहपान याचा अमात्य अयम याचा लेख आहे, वर्ष ४६. ते शक संवतातलं धरलं तर इसवी सन १२४ येतं. सातवाहनांचं जुन्नर त्या वेळी क्षहरातांच्या हाती होतं. त्यानंतर थोड्याच काळात गौतमीपुत्र सातकर्णीने त्यांचा पाडाव केला. अयमाने दिलं काय, तर एक पोढी आणि एक मंडप. सत्ता कोणाची का असेना, पाण्याचं दान चालूच होतं.

भूतलेण्याच्या दर्शनी कमानीत गजलक्ष्मी कोरलेली आहे, ती जरूर बघा. तिथे आग्या मोहोळं असतात. बोलणं हळू, अत्तर लावायचं नाही, धूर करायचा नाही. मोहोळ उठलेलं असेल तर लेणं तसंच सोडून खाली या.

बोरी: दुसऱ्याच ज्वालामुखीची राख

शेवटचा टप्पा कुकडीच्या काठावरचं बोरी बुद्रुक. इथे बघण्यासारखं काही बांधलेलं नाही, म्हणून सहलींच्या यादीत हे गाव कमी येतं. पण दिवसभर जे बघितलं त्याच्या अगदी उलट प्रकारचा ज्वालामुखी इथे भेटतो.

नदीकाठच्या गाळात राखाडी-पांढऱ्या रंगाचा बारीक थर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना १९८० च्या दशकात तो सापडला. ही ज्वालामुखीची राख, सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात काचेचे टोकदार तुकडे दिसतात. पण दख्खनचा लाव्हा तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला. मग ही ताजी राख आली कुठून? इंडोनेशियात सुमात्रा बेटावर टोबा नावाचं मोठं सरोवर आहे. ते महाज्वालामुखीच्या उद्रेकाने पडलेल्या खड्ड्यातलं पाणी आहे. त्याचा सर्वांत अलीकडचा प्रचंड स्फोट सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी झाला. टोबाची राख तीन हजार किलोमीटर ओलांडून इथवर आली असं मानतात, मात्र ती नेमकी कोणत्या स्फोटाची यावर वाद आहे.

टोबाचा लाव्हा सिलिकाने भरलेला, घट्ट आणि चिकट. वायू त्यात कोंडतो, दाब वाढतो आणि शेवटी स्फोट होतो. आपला लाव्हा पातळ, म्हणून भेगांतून वाहत आला, फुटला नाही. नाणेघाटातला काळा कातळ आणि बोरीची पांढुरकी राख यांतला सगळा फरक सिलिकेच्या कमी-जास्त प्रमाणाचा आणि कोंडलेल्या वायूचा आहे.

या राखेवर वाद का झाला, तेही सांगायला हवं. राखेजवळ अश्युलियन, म्हणजे अश्मयुगातल्या फार जुन्या पद्धतीची दगडी हत्यारं मिळाली, हातकुऱ्हाडी वगैरे, बेसाल्टचीच. राखेचं वय कळलं तर हत्यारांचं वय कळेल. सुरुवातीच्या मोजणीत वय चौदा लाख वर्षं निघालं, पुढच्या एका मोजणीत सुमारे पावणेसात लाख. मग राखेची रासायनिक घडण तपासल्यावर ती ७४,००० वर्षांपूर्वीच्या टोबाची असल्याचं मत पुढे आलं. आकड्यांत एवढी तफावत पडली की महाराष्ट्रात माणूस केव्हा आला याचं गणितच बदलतं. राख नदीने उचलून दुसरीकडे पुन्हा साचवली असेल तर हत्यारांचा आणि तिचा संबंध कितपत धरायचा, हाही प्रश्न आहेच. इथे जाऊन गाळ उकरू नका. खणून काढलेल्या पुराव्याची जागा एकदा हलली की त्याचं वय कोणालाच सांगता येत नाही.

हा सगळा दिवस गाठायचा असेल तर आदल्या रात्री जुन्नरला किंवा नारायणगावला मुक्काम करा. पुण्याहून पहाटे निघून एवढं सगळं होत नाही, मानमोडी किंवा बोरी हमखास सुटतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. डिसेंबरनंतर गवत वाळतं आणि कड्यांतले थर आणखी स्पष्ट दिसतात. पाणी भरपूर घ्या आणि टॉर्च विसरू नका. लेण्याद्रीला पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे. जुन्नर परिसरात उसाच्या फडांमुळे बिबट्यांचा वावर आहे, म्हणून अंधार पडायच्या आत वाटेवरून गाडीपाशी पोचलेलं बरं. दुसरा दिवस हाताशी असेल तर कुकडी धरून आणखी खाली निघोजला जा. टाकळी हाजी आणि निघोजच्या मधल्या पात्रात, मळगंगेच्या देवळाजवळ, पुराच्या भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी याच बेसाल्टला मोठमोठे रांजणखळगे पाडले आहेत. ते उन्हाळ्याच्या तोंडावर, पाणी उतरल्यावर बघावेत. पाणी वाहत असताना काठावरचा कातळ निसरडा असतो आणि खळगे किती खोल आहेत ते वरून कळत नाही.